हॅलोताईंनी मोडलेली जोडी

निवडणुकीच्या पहिल्या सभेत हॅलोताईंना कुणी ओळखलंच नाही. मंचावर एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई छातीशी पर्स धरून उभी होती आणि खाली लोक एकमेकांना विचारत होते, "उमेदवार कधी यायचाय?" बाई माइकपाशी गेल्या, घसा खाकरला आणि अठरा वर्षांच्या सवयीने म्हणाल्या, "हॅलो."

झालं! सगळं मैदान खुदकन हसलं. लाइन बिझी आहे, थांबा. पलीकडे कुणी उचलत नाही. तीन मिनिटं झाली, वाढवायचं का? हे सगळं ज्या आवाजाने गावाला आयुष्यभर ऐकवलं, तो आवाज आज देहासकट समोर उभा होता. मागच्या रांगेतला एक म्हातारा डोळे मिटून ऐकत बसला. शेजाऱ्याने डिवचलं, तर म्हणाला, "उघडले की दुसरीच कुणी तरी बोलतेय असं वाटतं रे."

हॅलोताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. खोली अरुंद, एकच खिडकी, समोर भिंतभर बोर्ड, त्याला शेकडो भोकं आणि वायरींचा गुंता. गावातला एकूण एक फोन त्यांच्या बोटांखालून जायचा. कुणाची मुलगी कुणाशी दुपारची तासभर बोलते, कुठल्या डॉक्टरांची बायको माहेराहून परत यायला का कबूल नाही, कुठला व्यापारी पलीकडे एक भाव सांगतो नि अलीकडे दुसरा, सगळं त्यांच्या कानांवरून जायचं. आणि कानांवरूनच जायचं, तोंडापर्यंत कधी आलं नाही. ऐकायचं आणि विसरायचं. विसरता आलं नाही, तर निदान वापरायचं नाही. हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता. तो त्यांनी स्वतःच घालून घेतला होता.

घरच्या माणसाचीही त्यातून सुटका नव्हती. त्यांचे यजमान कपडे शिवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मास्तरांना गावगप्पांची भारी हौस. जेवताना हळूच विषय काढायचे, "अगं, मी काय परका आहे? त्या डॉक्टरांचं नक्की काय बिनसलंय, एवढंच सांग."

"तुमच्या दुकानात कुणाची कंबर किती वाढली, ते मी विचारते का हो?"

मास्तर पुन्हा ताटाकडे वळायचे. कारण त्यांच्या वहीत डॉक्टरांची कंबरही होती.

दुष्ट लोक असं म्हणायचे, की पुढे गावातल्या निम्म्या प्रतिष्ठितांनी हॅलोताईंना पाठिंबा दिला तो प्रेमापोटी नव्हे, धाकापोटी. ज्या माणसाने आपलं सगळं ऐकलंय, त्याला विरोध कोण करणार? असेलही. पण त्या मुळात निवडणुकीत आल्या कशा, ते वेगळंच.

एकदा भर दुपारी दूरच्या एका खेड्यातल्या दवाखान्यातून कंपाउंडरचा फोन आला. बाळंतीण अडली होती. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची लाइन हवी होती. डॉक्टरांना विचारायचं होतं, काय करू, गाडी पाठवता का. शहराच्या चारही लाइन बिझी. हॅलोताई मिनिटामिनिटाला पिन घालून बघत होत्या. कंपाउंडरने रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला होता, त्यामुळे पलीकडच्या खोलीतलं सगळं त्यांच्या कानात येत होतं. चाळीस मिनिटं येत होतं. मग यायचं थांबलं. नेमकी तेव्हाच लाइन मिळाली आणि त्या "बोला, बोला!" म्हणून ओरडल्या. बऱ्याच वेळाने कंपाउंडरने रिसीव्हर उचलला.

"आता नको, बाई," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी द्या ही लाइन."

महिनाभराने आरोग्यमंत्री दौऱ्यावर आले. विश्रामगृहातून त्यांनी घरचा नंबर मागितला. हॅलोताई म्हणाल्या, "जोडते साहेब. त्याआधी माझं एक मिनिट ऐका." मिनिटाची चार मिनिटं झाली. मंत्री "हं, हं" करत राहिले, मग घरी बोलले आणि मग वरच्या ऑफिसात तक्रार केली. ऑपरेटरने लाइनवर जोडण्यापलीकडे अवाक्षर बोलू नये, असा कायदा. चौकशी बसली.

"तुम्ही ग्राहकाच्या संभाषणात तोंड घातलंत?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

"संभाषण कुठलं? मी अजून जोडलंच नव्हतं."

नोकरी गेली. गावात बोंब झाली. विरोधी पक्षाला त्या मतदारसंघात उभं राहायला कुणी मिळत नव्हतं. पडायचीच जागा, मग पडायला बाई काय वाईट, असा हिशेब करून त्यांनी हॅलोताईंना तिकीट दिलं. अकरा हजारांनी निवडून आल्या. तिकीट देणाऱ्यांनाच घाम फुटला.

राजधानीतल्या त्या सभागृहात पहिले सहा महिने हॅलोताईंनी तोंड उघडलं नाही. छत एवढं उंच, की मान वर केली तर चष्मा घसरायचा. बाकांना गडद रंगाचं कातडं, पायांखाली पावलांचा आवाज गिळणारा गालिचा. समोर सरकारी बाजूच्या पहिल्या रांगेत एक उंच, पांढऱ्या केसांचे वकीलसाहेब बसायचे. नियम आणि घटना त्यांना तोंडपाठ. हॅलोताई पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या आणि अडखळल्या, तेव्हा तेच बसल्या जागेवरून म्हणाले, "काय ऑपरेटर, नंबर एंगेज आहे का?"

सभागृह हसलं. हॅलोताईंनी चष्मा सारखा केला. "नाही साहेब. राँग नंबर लागलाय. ठेवून परत फिरवते."

या वेळी सर्वांत मोठ्याने हसले ते वकीलसाहेबच. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक हॅलोताईंच्या पुढ्यात ठेवलं. "घाबरू नका. हाही तुमचा बोर्डच समजा. कुठली पिन कुठल्या भोकात घालायची, एवढंच आहे."

तिथून मैत्री जमली. मतं मात्र एकदाही जमली नाहीत. सकाळी सभागृहात एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि दुपारी कॅन्टीनच्या कोपऱ्यात एका पुडीतले शेंगदाणे खायचे. राजधानीच्या गप्पिष्टांनी या शेंगदाण्यांवरून काय काय पिकवलं! मास्तरांच्या कानावरही आलं. मास्तरांनी वकीलसाहेबांना एक जाकीट शिवून पाठवलं, मापाशिवाय, नुसत्या बायकोच्या वर्णनावरून. ते अचूक बसलं. वकीलसाहेब म्हणाले, "तुमच्या यजमानांनी मला हे जाकीट पाठवलंय की इशारा?"

चौथ्या वर्षी हॅलोताईंनी त्यांच्या भागासाठी हॉस्पिटल मंजूर करून आणलं. चोवीस खाटांचं, एक ऑपरेशनची खोली, दोन डॉक्टर, एक गाडी. त्या खेड्यापासून वीस मिनिटांवर. पहिलं बाळंतपण झालं तेव्हा त्या व्हरांड्यात उभ्या होत्या. बाळ रडल्याचा आवाज दाराबाहेर आला, तशा त्या बाहेर जाऊन गाडीच्या मागे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. ड्रायव्हरने हे पुढे दहा जणांना सांगितलं.

आणि अकराव्या वर्षी सरकारने विधेयक आणलं: पन्नास खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलं बंद करायची आणि जिल्ह्याला एकच मोठं, सुसज्ज करायचं. वकीलसाहेब मनापासून त्या बाजूचे. "सगळीकडे थोडं थोडं औषध म्हणजे कुठेच औषध नाही," ते शेंगदाणे सोलत म्हणायचे. "रस्ते करा, गाड्या द्या, आणि एकच पण खरं हॉस्पिटल बांधा."

"रस्ता होईपर्यंत बाळंतिणीने थांबायचं का?"

"ऑपरेटर, तुम्ही एका बाईवरून कायदा करता."

"तुम्ही शून्य बायांवरून करता."

हॅलोताईंनी दुरुस्ती मांडली. जिथून दुसरं हॉस्पिटल तासाभरापेक्षा लांब आहे, तिथलं लहान असलं तरी बंद करू नये. एका ओळीची दुरुस्ती. कुणाला वाटलं नव्हतं ती मताला टिकेल. पण सरकारी बाजूचे दोन डोंगरी भागातले सदस्य हळूहळू विरघळले आणि आकडे एकदम बरोबरीच्या जवळ आले.

आता या सभागृहाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. एका बाजूचा सदस्य आजारी पडला, की समोरच्या बाजूचा एक जण त्याच्याशी जोडी लावतो. म्हणजे तो येऊ शकत नाही तोवर मीही मत देणार नाही, असा शब्द. काटा जिथल्या तिथे राहतो. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. दोन्ही बाजूंच्या प्रतोदांना, म्हणजे आपापली माणसं मतदानाला हाकणाऱ्यांना, फक्त कानावर घालायचं. तिथे लोक पक्ष बदलत, खाती बदलत, भाषण संपता संपता मत बदलत. पण सत्तर वर्षांत जोडी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं. जोडी नसती तर तिथल्या कुणाला निवांत आजारी पडता आलं नसतं, बापाच्या अंत्यविधीला जाता आलं नसतं.

अधिवेशनाच्या सुरुवातीलाच वकीलसाहेबांच्या पोटात दुखू लागलं आणि ऑपरेशन ठरलं. जाताना ते हॅलोताईंपाशी आले. "जोडी?"

"जोडी," हॅलोताई म्हणाल्या. हे विधेयक याच अधिवेशनात येईल, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

विरोधी पक्षाचे प्रतोद सारखे डोकी मोजत हिंडायचे, म्हणून त्यांना मोजणीदार म्हणत. मतदानाच्या दिवशी सकाळी ते घामाघूम होऊन आले. "ताई, सारखे झालेत. त्यांचे जेवढे, आपले तेवढेच. आणि समान मतं पडली की दुरुस्ती पडते. एक मत हवंय हो. एकच."

"मग आणा एक."

"माझ्यासमोर बसलंय ना ते."

"माझी जोडी आहे."

"अहो, तो माणूस हॉस्पिटलात पडलाय, त्याला काय..."

"म्हणूनच जोडी आहे," हॅलोताई म्हणाल्या आणि त्यांनी विषय संपवला. त्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्या मनात जराही चलबिचल नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे. आपलं हॉस्पिटल आपल्याच बसून राहण्याने बंद होणार, हे त्यांनी रात्रीच गिळलं होतं. नाश्ता काही गिळवला नव्हता.

सव्वाबाराला शिपाई चिठ्ठी घेऊन आला: आपला फोन आहे. लॉबीच्या टोकाला काचेची तीन केबिनं होती. हॅलोताई मधल्या केबिनात शिरल्या.

"मावशी," वकीलसाहेबांची मुलगी होती. "बाबा गेले. पावणेबाराला. बोलत होते आणि... गेले."

काचेपलीकडे दोन सदस्य कशावर तरी हसत होते.

"मावशी, ऐकताय ना?"

"ऐकतेय बाळा. बोल."

"आई गाडीत आहे. बाबांना परवा घरी सोडणार होते ना, म्हणून यायला निघाली ती. गाडी चारला लागते. मी स्टेशनवर जाते आणि मीच सांगते तिला. तोवर कुणाला कळू देऊ नका. तुमच्या सभागृहात कळलं की रेडिओवर येतं, आणि डब्यात कुणाकडे तरी ट्रान्झिस्टर असतोच. तिने एकटीने, अनोळखी लोकांत ऐकायचं..."

"नाही कळणार. अध्यक्षांना?"

"त्यांनाही चारनंतरच. फक्त तुम्हाला सांगितलं. एकटीला सहन होईना, मावशी. बाबा म्हणायचे, ऑपरेटरला सांगितलं म्हणजे विहिरीत टाकलं."

हॅलोताईंनी रिसीव्हर ठेवला आणि केबिनातल्या स्टुलावर बसून राहिल्या. आधी फक्त माणूसच आठवला. शेंगदाण्याची टरफलं जाकिटाच्या खिशात भरायची त्यांची सवय. घरी बायको ओरडते, पण इथल्या गालिच्यावर टाकवत नाहीत, म्हणायचे. दोनेक मिनिटं एवढंच. आणि मग, कुणी न बोलावता, आकडे आले.

मतदान अडीचला होतं. माणूस गेला म्हणजे जोडी सुटली. जो येऊच शकत नाही त्याच्यासाठी थांबायचं कुणी आणि किती? हे आत्ता जाहीर केलं, तर सभागृह त्या दिवसापुरतं तहकूब होतं, मतदान पुढच्या आठवड्यावर जातं आणि तोवर ते दोन डोंगरी सदस्य सरकार पुन्हा गोड बोलून ओढून घेणार. पण जाहीर करायचंच नव्हतं. शब्द दिला होता. म्हणजे अडीच वाजता सभागृहात एकच व्यक्ती अशी असणार होती, जिला ठाऊक आहे की आपण मोकळ्या आहोत.

त्या तीन वेळा उठल्या आणि तीन वेळा बसल्या. बातमी आपल्याला खासदार म्हणून मिळालेली नाही, हे त्यांना पुरतं कळत होतं. ही लाइनवर ऐकलेली गोष्ट होती. कुणाचं तरी रडणं होतं. ते उचलून मतपेटीत टाकायचं? ज्या बाईने अठरा वर्षांत नवऱ्याला डॉक्टरांच्या बायकोचं सांगितलं नाही, तिने? आणि उलट बाजूने चाळीस मिनिटांचा तो दुसरा आवाज कानात सुरू झाला होता, तो काही केल्या थांबेना.

अडीचला घंटा झाली. तिथे मत द्यायचं म्हणजे उठून चालत जायचं. अध्यक्षांच्या उजव्या हाताच्या दारातून होकारवाले, डाव्या हाताच्या दारातून नकारवाले. जोडीत असलेले आपापल्या बाकावर बसून राहतात. त्या दिवशी सात जण बसून होते. रांगा सरकल्या, सभागृह रिकामं होत आलं आणि हॅलोताई उठल्या.

बाकापासून दारापर्यंत तीसेक पावलं असतील. पहिल्या दहा पावलांत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सरकारी बाजूच्या प्रतोदांनी पाहिलं. त्यांना सगळे भोंगा म्हणायचे, आणि उगाच म्हणत नव्हते.

"ताई! ताई, अहो कुठे? तुमची जोडी आहे!"

हॅलोताई चालत राहिल्या आणि उजव्या दारातून आत गेल्या.

दुरुस्ती एका मताने मंजूर झाली.

त्यानंतर जे झालं ते सभागृहाच्या भिंतींनीही ऐकलं नव्हतं. भोंगा उभा राहिला. "अध्यक्ष महाराज! एक सदस्य ऑपरेशनच्या खाटेवर पडलाय. यांच्या शब्दावर विसंबून पडलाय! त्याच्या पाठीत सुरा खुपसलाय या बाईंनी!" बाकं बडवली गेली. "लाज धरा!" "राजीनामा द्या!" कुणी तरी ओरडलं, "एक्स्चेंजची सवय! इकडची वायर काढली, तिकडे जोडली!" स्वतःच्या बाजूचेही मान खाली घालून बसले; मोजणीदार, ज्यांना मत हवं होतं, तेसुद्धा पायांकडे बघत होते.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. "सदस्यांना खुलासा करायचा आहे का?"

हॅलोताई उभ्या राहिल्या. तीन शब्दांत मिटलं असतं: ते गेले आहेत. घड्याळात तीनला पाच कमी होती. गाडी कुठल्या तरी स्टेशनात उभी असेल, पलीकडच्या बाकावरच्या माणसाने ट्रान्झिस्टर कानाला लावला असेल, खिडकीशी एक म्हातारी बाई घरी न्यायच्या माणसाचे कपडे पिशवीत घेऊन बसली असेल.

"खुलासा नाही," हॅलोताई म्हणाल्या.

"मग माफी?"

"तीही नाही."

त्या उभ्याच राहिल्या. बसलं तर पळाल्यासारखं दिसलं असतं. जवळजवळ दीड तास सभागृहाने त्यांना मनसोक्त बोलून घेतलं. चार वाजून वीस मिनिटांनी अध्यक्षांच्या हातात चिठ्ठी आली. ती वाचताना त्यांनी एकदा मान वर करून हॅलोताईंकडे पाहिलं. मग सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि बातमी दिली. वेळही सांगितली: सकाळी पावणेबारा.

दोन मिनिटांची शांतता पाळायची असते. त्या दोन मिनिटांत सगळ्यांनी आपापला हिशेब केला. भोंग्याच्या चेहऱ्यावरून तो उघड दिसत होता: आधी शरम, म्हणजे बाईंना माहीत होतं, जोडी सुटलेली होती, आणि तरी तोंड उघडलं नाही! आणि मग, दुसऱ्या मिनिटात, काहीतरी वेगळं. म्हणजे बाईंना माहीत होतं. माहीत होतं आणि त्यांनी ते वापरलं.

सुटका झाली असं ज्यांना वाटेल, त्यांनी हॅलोताईंना आठवड्याने वकीलसाहेबांच्या घरी जाताना पाहायला हवं होतं. दारातून दोनदा परत फिरल्या. वकिलीणबाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं.

"चार वाजेपर्यंत मला काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "डब्यात रेडिओ होता हो. गाणी लागली होती. मी ऐकत होते. तुमचे उपकार आहेत माझ्यावर." मग म्हणाल्या, "पण ताई, खरं सांगू? ते तुमच्यावर चिडले असते. फार चिडले असते. त्यांच्या लेखी जोडी म्हणजे जोडी. मेलं म्हणून काय झालं, असं म्हणाले असते."

"हो," हॅलोताई म्हणाल्या. "मी त्यांच्या आवाजातच ऐकलंय ते."

मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. बाहेर आली नाही. हॅलोताई निघाल्या तेव्हा तिथूनच म्हणाली, "मी फोन मावशीला केला होता. उचलला खासदारांनी."

पुन्हा तिने कधी मावशी म्हटलं नाही. म्हणायला पुन्हा फोनच केला नाही.

हॉस्पिटल चालू राहिलं. मतदारसंघात या सगळ्याचं कुणाला काही विशेष वाटलं नाही. "मत दिलं? मग द्यायलाच नको का? त्यासाठीच तर पाठवलंय," असं चहाच्या दुकानात बोललं गेलं, आणि तेही बरोबरच होतं. मास्तरांनी दुकानात गिऱ्हाइकांना जोडी म्हणजे काय ते समजावून सांगायचा दोन-तीनदा प्रयत्न केला, मग सोडून दिला. गिऱ्हाइकांना तो विजारीच्या जोडीचा काही नवा दर वाटायचा.

हॅलोताई पुढे आणखी सात वर्षं सभागृहात होत्या. या सात वर्षांत त्यांच्याशी कुणी जोडी लावली नाही. भांडण नव्हतं. लोक हसून बोलायचे, मनातलंही सांगायचे, पण थोडं कमी, वाक्य तोलून. भोंग्याने तर त्या दिवसाबद्दल एकदा कॅन्टीनमध्ये त्यांची माफीही मागितली. पण जोडी विचारली, की जो तो म्हणायचा, "अरेरे ताई, कालच दुसऱ्याला शब्द दिला." ताप असला तरी हॅलोताई मतदानाला यायच्या. बहीण गेली तेव्हा त्यांना तिचं तोंड बघायला मिळालं नाही, अर्थसंकल्प होता. मास्तरांच्या छातीचं ऑपरेशन झालं त्या दिवशी सहा मतदानं होती. मोजणीदार समोरच्या बाजूच्या बाकांमधून जोडी मागत हिंडले आणि हात हलवत परत आले. संध्याकाळी हॅलोताई हॉस्पिटलात पोहोचल्या, तेव्हा मास्तर शुद्धीवर आलेले होते. नळ्यांच्या जंजाळातून म्हणाले, "काय गं, लाइन बिझी होती?" त्यांनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला.

पुढची निवडणूक त्यांनी लढवली नाही. शेवटच्या दिवशी निवृत्त होणाऱ्या सदस्यांना निरोप द्यायची रीत होती. प्रत्येकाबद्दल समोरच्या बाजूचा कुणी तरी बोलायचा. हॅलोताईंसाठी भोंगा उठला. आता त्याचा आवाज खाली आला होता, कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होता. ऑफिसातल्या कुणा नव्या कारकुनाने लिहून दिलेला कागद असावा. "...आणि विशेष उल्लेख करायला हवा तो सन्माननीय सदस्यांच्या हजेरीचा. गेली सात वर्षं त्यांनी एकही, एकही मतदान चुकवलेलं नाही. या सभागृहाच्या इतिहासात..."

तो थांबला. वाचता वाचताच त्याला कळलं, आपण काय वाचतोय. पहिल्या दोन रांगांतल्या जुन्या माणसांनी माना वळवल्या. मागच्या नव्यांनी मात्र मनापासून बाकं वाजवली. वर गॅलरीत मास्तर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी वाजवलं नाही.

हॅलोताई उत्तर द्यायला उभ्या राहिल्या. आवाज अजून तोच होता.

"हजेरीचं कौतुक झालं. नव्यांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. ती माझी हौस नव्हती. मी एकदा जोडी मोडली, त्यानंतर मला कुणी जोडी दिली नाही. दिली नाही ते योग्यच केलंत. मी तुमच्या जागी असते तर मीही दिली नसती. एका मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी मतासाठी वापरली. त्याचं मला वाईट वाटतं. रोज वाटतं. आणि तेच विधेयक आज पुन्हा आलं, तर मी त्याच दारातून पुन्हा जाईन. या दोन्ही गोष्टी मला एकमेकींत बसवता आलेल्या नाहीत. सात वर्षं प्रयत्न केला. एवढंच."

त्या खाली बसल्या. आता बाकं वाजवावीत की नाही, हे नव्यांनाही कळेना. अध्यक्ष पुढे झुकले, आणि आवाजात जमेल तेवढी माया आणून म्हणाले, "सदस्यांची इच्छा असेल, तर निरोपाच्या प्रसंगी हे शब्द कामकाजाच्या नोंदीतून काढता येतील."

"नको साहेब," हॅलोताई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "लिहून ठेवा."

खाली मेजाशी बसलेल्या लघुलेखकाने पेन्सिल पुन्हा कागदाला लावली, आणि अध्यक्षांनी पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं.